उंबऱ्याचं टेबल

नगरला आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर एक सुतार जुनी दारं-चौकटी घेऊन त्यांचं नवं सामान घडवतो. आज तिथून जाताना रंध्याखालच्या कडुनिंबाचा कडसर वास आला आणि मी थांबलेच. तुमचंही होत असेल असं. नाक आधी ओळखतं, मन मागून पोचतं.

मी कॉलेजात जायला लागले त्या वर्षी शेवगावकडचं आमचं मातीचं घर उतरवून तिथे विटांच्या दोन खोल्या बांधल्या. नव्या दाराला उंबरा नव्हता, फरशी सरळ आतून बाहेर गेली होती. जुना निंबाचा उंबरा अंगणात पडून राहिला. कुणीतरी म्हणालं, चुलीत घाला. आईनं तो उचलला आणि आपल्या खाटेशेजारी आणून ठेवला. त्याची राख होऊ नये, एवढंच तिला हवं होतं. गल्लीतले सुतारमामा तेव्हा जुन्या दाराच्या फळ्यांचं माझ्यासाठी अभ्यासाचं टेबल करत होते. आमच्या घरातलं ते पहिलंच टेबल.

"ताई, त्यो उंबरा द्या हिकडं," मामा म्हणाले. "खाली आडवा ठोकतो. पोरीला पाय टेकायला बेस हुईल."

"उंबऱ्यावर पाय?" आई उसळली. "लई शाने हाय तुमी दादा! उद्या देवाचा पाट न्हानीत टाकाल बसायला!"

मामांनी जीभ चावली. "चुकलं बाई. वर घेतो, हाताखाली. मग तर झालं?"

टेबलाच्या पुढच्या कडेला बसवण्याआधी त्यांनी उंबऱ्यावर रंधा धरला. टोकाकडचा काळा थर निघाला, खाली तांबूस लाकूड उमललं. मधे मात्र ढलप्या पिवळ्या येऊ लागल्या. पुन्हा हात फिरवला, पुन्हा पिवळ्या. तिथेच एक पसरट, गुळगुळीत खळगा होता. मामांनी रंधा उचलला.

"ह्याच्यावर तर कुनी पाय देत न्हाई. मग झिजला कसा?"

"पुसून पुसून," आई सहज म्हणाली. "रोज सकाळी पानी, मंग हळद. मी, माझी सासू, तिची सासू."

मी एक ढलपी उचलून उन्हात धरली. कसं सांगू, मला ते नीट मांडता येत नाही. पाण्यानं भिजलेली नुसती बोटं, तीही हलक्या हातानं फिरवलेली, आणि त्यांनी लाकडात एवढी जागा केली होती. त्या बायकांपैकी कुणाचं अक्षर कुठे उरलेलं नाही. त्यांना अक्षर नव्हतंच.

"सपाट करू का?" मामांनी विचारलं. "वहीखाली खळगा लागंल."

आईनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. तरी म्हणाली, "टेबल तिचं हाय. तिला इचारा."

मी खळग्यावर तळवा ठेवला. मामांनी रंधा बाजूला ठेवून दिला.

टेबल घरात आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी लिहीत बसले होते. आई हळदीचं बोट घेऊन आली आणि अडखळली.

"वहीला डाग पडंल का गं?"

मी वही थोडी मागे ओढली. तिनं खळगा पुसला, बोट टेकवलं आणि कामाला निघून गेली. हळद वाळेपर्यंत मी काहीच लिहिलं नाही. माझ्या लिहिण्यातलं काय उरेल, मला ठाऊक नाही. त्या सकाळी, माझ्या डोळ्यांदेखत, तो खळगा मात्र अजून घडतच होता.