खिडकीतली पाठमोरी वेणी

माझी मोठी जाऊ केसांचे टोप करते. पाटीवर तसं स्पष्ट लिहिलंय, तरी मधूनच एखादी बाई आत येऊन झाकणासकट केवढ्याला म्हणून विचारतेच. मी पुढं बसते, गिऱ्हाइकांशी बोलते. ताई आतल्या खोलीत उजेडाला बसून काम करते. घरचे म्हणतात, दोन जावा एका दुकानात नांदतात हेच नवल. त्यात नवल कसलं? ताईशी भांडण होतच नाही. आपण तोंडाचा पट्टा सोडावा आणि तिनं "बरं" म्हणून हूक उचलावा. चिडलेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा नसते.

काम चिकट आहे. लाकडी डोक्यावर जाळीची टोपी ताणून बसवायची आणि बारीक हुकानं एकेक केस तिच्यात गाठवायचा. एका टोपाला आठवडेच्या आठवडे जातात. त्यात ताईचा हट्ट भोवऱ्याचा. खऱ्या डोक्यावर भोवरा जिथं होता तिथंच, आणि ज्या अंगानं फिरत होता त्याच अंगानं, टोपात यायला हवा. नाहीतर माणसाला आरशात कुणीतरी परकंच दिसतं, म्हणते. आमची बहुतेक गिऱ्हाइकं मागच्या मोठ्या इस्पितळातली. औषधानं केस जातात त्यांचे.

अशाच एका गिऱ्हाइकानं ताईला मोबाइलवरचा तो ग्रुप दाखवला. सगळी त्याच आजाराची माणसं. तिथं खरं नाव कोणी लावत नाही, आणि मला ते पटलं होतं. घरच्यांपुढं हसत राहावं लागतं, तिथं निदान रडता येतं. ताईनं नाव घेतलं 'टोपवाली'. कुणाची टाळू खाजायची, कुणाला जाळी टोचायची, ही जेवताजेवता उत्तरं द्यायची. दुकानाचं नाव तिनं सगळ्यांसमोर एकदाही लिहिलं नाही.

तिथं तिला 'मागचा बाक' भेटली. हे काही बाईचं नाव नव्हे, पण त्या मुलीनं तेच घेतलं होतं. ती सगळ्यांपुढं फारशी लिहायची नाही, ताईला मात्र खासगीत लिहायची. एका दुपारी तिनं लिहिलं, "माझे केस कमरेखाली आहेत. पहिलं इंजेक्शन झालं. डॉक्टर म्हणतात आता केस जाणार. तसं असेल तर मी पुढचं घेणार नाही. घरी सांगितलेलं नाही."

ताईनं हूक खाली ठेवला. काम अर्धवट सोडून बसलेली ताई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"धाकटे, काय लिहू गं हिला?"

"लिही की अक्कल कुठं गहाण ठेवलीस म्हणून. केस मोठे की जीव मोठा?"

"ज्याचं जळतं त्यालाच कळतं," ताई म्हणाली, आणि तिनं लिहिलं, "गळायच्या आत वेणी काप आणि माझ्याकडे पाठव. तुझ्याच केसांचा टोप करते. त्या बदल्यात तू इंजेक्शन चुकवायचं नाहीस." खाली दुकानाचा पत्ता दिला.

उत्तर आलं, "फसवणार नाही ना?"

"नाही."

पाकीट टपालानं आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, शिक्का आमच्याच शहराचा. आत वेणी होती, तीन पेडांची नव्हे, चार पेडांची, दोन्ही टोकांना घट्ट बांधलेली. सोबत गाठी मारलेले तीन दोरे, डोक्याच्या मापाचे. कसं मोजायचं ते ताईनंच शिकवलं होतं. भोवऱ्याचं तिनं आधीच कळवलं होतं: दोन आहेत, डावा उलटा फिरतो.

"दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं," मी म्हटलं.

"जगू दे आधी," ताई म्हणाली. "मग चार कर म्हणावं."

ती वेणी हातात आल्यापासून ताईचा जीव भांड्यात पडला होता. त्याच भरात तिनं ग्रुपवर सगळ्यांसाठी लिहिलं, "ज्यांचे केस अजून आहेत त्यांनी आत्ताच कापून ठेवा. फेकू नका. लांब असतील तर मला कळवा." दुकानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला आम्ही पहिल्यांदा हेच सांगतो. दिवसभर केस हाताळणाऱ्या बायकांना त्यात वावगं काय दिसणार? पण तिकडं माणसं उशीवर केस दिसतील या धास्तीनं उठत होती. त्यांना हे वाचून काय वाटलं असेल ते आम्हाला फार उशिरा कळलं.

पहिल्यांदा कुणीतरी लिहिलं, "केसांची दलाल." मग दुसरा, "आम्ही मेलो तरी चालेल, हिला वेणी मिळाली पाहिजे." केसानं गळा कापणारी, सगळ्यांना टोपी घालायला आलेली, असं एकेक येत राहिलं. 'धूर' नावाच्या कुणीतरी एकच शब्द लिहिला: "गिधाड." तो शब्द सगळ्यांना इतका आवडला की पुढं ताईचं दुसरं नाव कुणी घेतलंच नाही. जिला महिनाभर "ताई, तुम्ही होतात म्हणून निभावलं" असं लिहीत होते, तीच माणसं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. चेहरा नसला की जिभेला हाडही लागत नाही आणि लाजही.

गप्प राहायचं, तर ताई प्रत्येकाला समजावत बसली. "तुमचं दुखतंय हे मला कळतं," असं लिहिलं की खाली आणखी दहा शिव्या. बुडत्याचा पाय खोलात. संध्याकाळपर्यंत ग्रुप चालवणाऱ्यानं तिला काढूनच टाकलं. तिचं खातं गेलं आणि त्याबरोबर 'मागचा बाक'शी झालेलं सगळं बोलणंही गेलं.

ताई शिव्यांना रडली नाही. रिकामा झालेला मोबाइल बघून रडली. "तिला वाटेल मी वेणी विकली. आता ती इंजेक्शन घेणार नाही गं."

मी दुसऱ्या नावानं आत शिरले. लिहिलं, "मागचा बाक, तुझं काम चालू आहे, दुकानात ये." लगेच उत्तर, "गिधाडाचं पिल्लू आलं." मलाही हाकललं. तिसऱ्यांदा तर त्यांनी दारच लावून घेतलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बाकीच्यांचं एक वेळ सोडलं असतं, पण तो 'धूर' समोर आला असता तर त्याच्या कानाखाली आवाज काढल्याशिवाय मी जेवले नसते.

शेवटी इस्पितळाच्या खिडकीवर जाऊन उभी राहिले. तिथल्या बाईनं विचारलं, "पेशंटचं नाव?"

"नाव माहीत नाही. दोन भोवरे आहेत."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मीच पेशंट असावी. मागं रांग होती. मी परत आले.

ताईनं बाकीची कामं बाजूला सारली. गाठ मारता मारता मध्येच विचारायची, "चुकवलं असेल का गं?" मला काय ठाऊक? आधी मी "नाही गं" म्हणायची, मग मी रागवायला लागले. तिला जेवण जाईना. हात मात्र थांबला नाही. टोप पुरा झाला तेव्हा दोन्ही भोवरे जागच्या जागी होते आणि डावा उलटा फिरत होता. ताईनं केसांची पुन्हा चौपेडी वेणी घातली.

आमच्या धंद्यात एक गोष्ट कुणी करत नाही. ज्याच्या केसांचा टोप असेल, त्यानं बघायच्या आधी तो चारचौघांत मांडत नाही. ताईनं सरळ उचलून तो रस्त्याकडच्या काचेत ठेवला, आणि तोही पाठमोरा. रस्त्यावरून फक्त दोन भोवरे आणि वेणी दिसत होती.

शेजारचा औषधवाला विचारायचा, "काय हो वहिनी, दुकान रुसलंय का?" मी त्याला रोज नवीन उत्तर द्यायची.

एक दिवस एक बाई औषधांची पिशवी घेऊन त्याच्या पायऱ्या उतरली. चार पावलं पुढं गेली, मागं आली आणि काचेपुढं थांबली. मला वाटलं, भाव विचारेल. ती आत आली ती काचेकडं बोट दाखवतच.

"ही वेणी तुमच्याकडे कशी आली? माझ्या लेकीची आहे. शाळेत होती तेव्हापासून मी घालत आलेय. तिनं मला सांगितलं कापून फेकून दिली."

ताई आतून धावत आली. "कशी आहे ती? इंजेक्शन घेतलं का?"

बाई काउंटरला टेकली. "दोन चुकवली. आम्हाला सांगायची घेतलं म्हणून. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनीच फोन केला. आता खोलीचं दार उघडत नाही. सगळे चोर आहेत म्हणते."

काचेतलं लाकडी डोकं काखेत मारून ताई दुकानाबाहेर पडली. मी कसंबसं शटर ओढलं.

तिसऱ्या मजल्यावरचं घर, आत मुलीच्या खोलीचं बंद दार. ताई तिथंच फरशीवर बसली. "बाळा, मी टोपवाली."

तिनं लाकडी डोकं मांडीवर घेतलं.

"तुझा डावा भोवरा फार हट्टी आहे गं. उलटा फिरवताना माझा हात दुखून आला."

पुष्कळ वेळानं कडी निघाली. आत एक वाळलेली मुलगी डोक्याला रुमाल बांधून उभी होती. ताईच्या मांडीवरच्या टोपाकडं तिनं पाहिलं आणि भिंतीला धरून खाली बसली.

"मला वाटलं तुम्ही सगळ्यांच्याच वेण्या गोळा करताय," ती म्हणाली. "मी दुसऱ्या नावानं लिहिलं होतं. धूर. गिधाड मीच म्हटलं तुम्हाला."

ज्याच्या कानाखाली मला द्यायची होती, तो माणूस माझ्यासमोर बसला होता. त्याला भुवयासुद्धा नव्हत्या. तिची आई दारात उभी राहून तोंडात पदर कोंबत होती. डॉक्टरांनी त्यांना काय सांगितलं होतं, ते तिनं वाटेत रिक्षात सांगितलं होतं: आता पुन्हा सुरू करू, पण फार वेळ गेलाय, भरवसा देता येत नाही.

ताईला वाईट वाटलं की नाही ते मला आजही माहीत नाही. तिनं मुलीच्या डोक्यावरचा रुमाल हलकेच सोडला आणि टोप दोन्ही हातांत धरला.

"बरं," ताई म्हणाली. "डोकं पुढं कर."