निळ्या गाडीवरची राख

माघातल्या सकाळी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला की आधी दवाचा गारवा लागायचा आणि त्या गारव्याच्या खालोखाल ती खरखर. डोळ्यांना काहीच दिसत नसे. गर्द निळा रंग कोवळ्या उन्हात चमकत असायचा, त्यात अंगणातल्या कडुलिंबाच्या फांद्या उलट्या लोंबायच्या, दूरची उंच चिमणी आणि तिच्या टोकाशी आडवा झालेला धुराचा पट्टाही दिसायचा. पण बोटं पुढे सरकवावीत तर ओट्यावर सांडलेल्या रव्यावरून ओला हात फिरावा तशी बारीक कणी टोचत जायची. मी हात चटकन मागे घ्यायचे. मी मुळातच भित्री. भिंतीवर पाल चुकचुकली तरी माझा जीव खालीवर होतो, यावरून माहेरी सगळ्यांनी मला चिडवून झालं होतं. पण ही भीती चिडवून घालवण्यातली नव्हती. ती राखेची होती, आणि राख हा शब्द मी उच्चारला की घरात भांडण व्हायचं.

नागपूरजवळच्या एका वीज केंद्राच्या वसाहतीत आम्ही राहत होतो. हे बॉयलरवर होते, मी वसाहतीच्या शाळेत मराठी शिकवत होते. पारशिवनीकडच्या त्यांच्या घरात नोकरीचं तोंड पहिल्यांदा पाहिलं ते यांनीच. सासूबाई आमच्याकडेच असत, आणि गावाकडचं कुणी आलं की चिमणीकडे बोट दाखवून अभिमानाने सांगत, "माझा वसंता साऱ्या मुलखाले लाइट देते." निवृत्त झालेल्या एका साहेबांची जुनी गाडी यांनी घेतली तेव्हा त्यांनी चाकांखाली लिंबं ठेवली होती आणि स्वतः मागच्या सीटवर मांडी घालून बसल्या होत्या. सगळं छान होतं. कोळशाचा तो किंचित आंबूस, जड वास, भोंग्यावर चालणारा दिवस, क्वार्टरमागचा मोहरलेला आंबा, हे सगळं मला आवडूही लागलं होतं. फक्त आमच्या सुमीचा श्वास वाजत होता.

सुमी तीन वर्षांची. दिवसभर हुंदडायची, तेव्हा काही नाही. पण झोपली की तिच्या छातीतून एक बारीक, ओढल्यासारखा आवाज येऊ लागे. मी तिच्या पाठीवर हात ठेवून तो ऐकत बसायचे. तो मध्येच थांबला तर? या एका विचाराने मी तो हात उचलत नसे. दवाखान्यातले डॉक्टर म्हणत, वाढत्या वयात जाईल. सासूबाई ओव्याची पुरचुंडी शेकत. आणि मी म्हणायचे, "अहो, ही राख तिच्या पोटात जातेय."

"कोणती राख? वारा नदीकडे जाते, मी रोज पाहून राहिलो ना!" हे उसळून म्हणायचे. "साऱ्यांची लेकरं राहतेतच ना इथं? काही नाही, तू उगीच भेऊन राहिली वं."

मग मी आठ दिवस अबोला धरून त्यांना नागपूरला धंतोलीतल्या मोठ्या डॉक्टरांकडे जायला लावलं. डॉक्टर म्हातारे होते, शांत होते. त्यांनी सुमीच्या छातीला बराच वेळ नळी लावली, मग ती गळ्यात अडकवत विचारलं, "घराच्या आसपास धूळ, धूर, असं काही?"

"नाही जी," हे माझ्या आधीच बोलले. "वसाहत एकदम स्वच्छ आहे. झाडंच झाडं."

"मग औषधाने बघू या. धूळ असती, तर माझ्या औषधाचा काही उपयोग नव्हता. जागाच सोडा म्हणालो असतो."

मी तिथल्या तिथे बोलले. चिमणी, दव, गाडीवरची खरखर, सगळं सांगितलं. पण हे हसून म्हणाले, "तिचा स्वभाव भित्रा आहे, डॉक्टरसाहेब," आणि डॉक्टरही हसले. सभ्य माणसांच्या त्या हसण्याचा मला इतका राग आला की परतीच्या वाटेवर मी खिडकीबाहेर तोंड करून रडले. आणि तरीही, खरं सांगते, त्या हसण्याने कुठेतरी थोडं बरंही वाटलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी यांनी गाडी धुवायला काढली. धंतोलीत दवाखान्यासमोर उभ्या असलेल्या चकचकीत गाड्या त्यांच्या डोळ्यांत भरल्या होत्या. बादल्यांवर बादल्या झाल्या, पण खरखर जाईना. जाणार कशी? रात्री दव पडायचं, त्यावर ते बारीक कण उतरायचे, सकाळचं ऊन त्यांना तिथल्या तिथे वाळवून टाकायचं आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. रंगावर पडलेलं राहिलंच नव्हतं ते, रंगात रुतलं होतं. यांनी रॉकेलचा बोळा फिरवला. नुसता वास सुटला. मग काय डोक्यात आलं कोण जाणे, भांडी घासायची राखुंडी घेऊन बॉनेटच्या कोपऱ्यावर जोर लावला.

"अहो, ती परात नाही!" मी ओरडले. तोवर निळ्या रंगावर ओरखडे उठले होते. यांचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. त्या दिवसातलं तेच एक हसू.

सासूबाई पायरीवर सुमीला मांडीत घेऊन ऊन खात होत्या. त्यांना राहवलं नाही. "काहून खरडून राहिला गा, वसंता? तिची साल काढतं का? कणकेचा गोळा घे. लेकराची लव काढतेत तशी काढ, हलक्या हातानं."

आमच्याकडे तान्ह्या बाळाला न्हाऊ घालण्याआधी तेलात भिजवलेला कणकेचा मऊ गोळा अंगावरून फिरवतात. जन्माची ती बारीक लव आणि सगळा मळ त्या गोळ्याला चिकटून येतो आणि बाळाला कळतही नाही. सुमीचीही लव सासूबाईंनी अशीच काढली होती. पण मोटारीची? हे हसले, मीही नाक मुरडलं. तरी कणीक मळली. घट्ट, तेलाचं बोट लावून. रिठे उकळून त्यांचा फेस केला, कारण कोरड्या रंगावर गोळा चिकटून बसला असता. आणि यांनी फेसाळ बॉनेटवरून तो गोळा हलकेच सरकवायला सुरुवात केली.

आवाज आला. खर्र, खर्र. बारीक, ओढल्यासारखा. माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. तो आवाज मला पाठ होता. रात्रभर तळहाताखाली मी तोच ऐकत होते.  मी यांच्याकडे पाहिलं, त्यांना काही ऐकू येत होतं की नाही कळेना. त्यांची मान खाली होती. चारदोनदा गोळा फिरला की आवाज विरत जायचा, मग नुसता फेस सरकल्याची सळसळ, मग तीही नाही. हे बोटं फिरवून बघायचे. तेवढा तुकडा काचेसारखा गुळगुळीत झालेला असायचा. मग गोळा उलटा करायचे, आणि त्याचं पांढरं अंग राखाडी झालेलं दिसायचं. मळका भाग आत दुमडायचा, नवा भाग बाहेर काढायचा, पुन्हा राखाडी. दुमडायला जागा उरली नाही की तो बाजूला टाकून दुसरा गोळा. मी कणीक मळत होते.  यांच्या तोंडची नेहमीची शीळ कधी थांबली, मला आठवत नाही.

टप, दारं, डिकी, सगळं होईस्तोवर दुपार कलली. कुंपणाशी वापरलेल्या कणकेचा ढीग साचला होता. आमच्याकडे उरलेली कणीक कधी फेकत नाहीत, गाईला घालतात. वसाहतीत फिरणारी एक तांबडी गाय रोज त्या वेळेला फाटकाशी येऊन उभी राहायची. ती आली. मी सवयीने एक गोळा उचलला आणि फाटकाकडे निघाले.

"नोको!" सासूबाई इतक्या जोरात ओरडल्या की मांडीवरची सुमी दचकली. "गाईले नोको देऊ ते! पोटात गेलं तं मरन ना ते मुकं जनावर. फेक, गड्ड्यात गाड तिकडं!"

मी तिथेच थिजले. सासूबाईंच्या मनात दुसरं तिसरं काही नव्हतं. गाईची काळजी, एवढंच. सुमीच्या केसांतून त्या बोटं फिरवत होत्या, सुमीचा श्वास जागेपणीही थोडा वाजत होता, आणि वर चिमणीचा पट्टा नदीकडे नव्हे, आमच्या कडुलिंबावरून संथपणे सरकत होता. मी यांच्याकडे वळले. ते गाडीला टेकून उभे होते. आधी त्यांनी माझ्या हातातल्या गोळ्याकडे पाहिलं, मग गाईकडे, मग सुमीकडे. तिच्यावरून त्यांची नजर हलेना.

मी वाट पाहत होते. आता म्हणतील, वारा नदीकडे जाते. म्हणतील, तू उगीच भेऊन राहिली. मी तर मनातल्या मनात त्यांना विनवत होते, म्हणा ना हो, एकदा म्हणा.

 फावडं घेऊन त्यांनी आंब्यामागे खड्डा खणला, सगळी कणीक त्यात लोटली, माती ओढली, पायाने दाबली. हात धुतले. मग आत गेले आणि एकेक खिडकी लावू लागले. कड्या सरकल्याचे आवाज मी अंगणातून ऐकत होते. शेवटची खिडकी लावून ते बाहेर पायरीवर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या डॉक्टरले मी खोटं बोललो ना वं."

कितीतरी महिने मला हेच हवं होतं. त्यांनी माझं ऐकावं, माझी भीती खरी मानावी, यासाठी मी भांडले होते, रडले होते, उपाशी झोपले होते. आणि आता त्यांनी ती मानली होती. मी पायरीवर बसले, तेही शेजारी बसले. तोवर मला वाटत होतं, माझ्या वाटेत उभं आहे ते त्यांचं "काही नाही". पण रोज रात्री सुमीच्या पाठीवर हात ठेवून मी तरले होते ती त्याच "काही नाही"च्या आधारावर. मी चुकत असेन, भित्रीच असेन, अशी एक फट त्यात उघडी होती. आता ती फट राहिली नाही. नोकरी, क्वार्टर, सासूबाईंचा तो अभिमान, यातलं काय सोडायचं आणि सोडून जायचं कुठे, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

गाडी उन्हात निळीशार चमकत होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सासूबाईंनी झोपेला आलेल्या सुमीला आत नेऊन निजवलं. थोड्या वेळाने बंद खिडक्यांच्या आतून ती खोकली, आणि आम्ही दोघंही एकदमच उठलो.