सासूच्या उंबऱ्याबाहेरची कानडी

सन एकोणीसशे त्रेचाळीस. मी सव्वीस वर्षांचा होतो. बायकोला आणायला गेलेला माणूस हात हलवत परत आला, असं आमच्या घरात तोवर कुणी ऐकलेलं नव्हतं.

आमचं गाव रहिमतपूरशेजारी, सासुरवाडी जतच्या पलीकडं, कानडी मुलखाच्या शिवेवर. जात एक, देव एक. आमचे वाडवडील उसाच्या शेतीला लागले, ते मेंढरांवर राहिले, एवढाच फरक. सासरा दरसाल सुगी संपली की कळप घेऊन आमच्याकडं यायचा. रानात मेंढरं बसवली की लेंड्यांचं खत पडतं, ते उसाला चांगलं. त्यातनं माझ्या बापाची आन त्याची दोस्ती झाली, आणि दोस्तीतनं सोयरीक. त्याला मोडकीतोडकी मराठी यायची. घरात बाकी कुणाला एक शब्द येत नव्हता. माझ्या बायकोलाही नाही. लग्न होऊन ती दोन वर्षं आमच्या घरी राहिली ती हातवाऱ्यावर. आई तिला मुकी म्हणायची. रागानं नव्हे, सवयीनं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती जतला गेली. मुलगी झाली. मुलगी बसायला लागली तसा थोरला भाऊ म्हणाला, "जा, घेऊन ये. ऊसतोडीच्या आत ये." लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, मिरजेपासनं पुढची मोटार कोळशावर चालायची. चढाला लागली की आम्ही उतारू खाली उतरून ढकलायचो. अंगावर काजळी घेऊन मी सासऱ्याच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "उद्याच्या मोटारीनं निघतो."

सासरा खाली बघायला लागला.

मग त्यानं सांगितलं. त्याची थोरली लेक मेढ्याकडं डोंगरात दिली होती. आदल्या पावसाळ्यात ती तापानं गेली. सासू तेराव्याला तिथं पोचली. तिथल्या बायकांनी तिला मिठी मारली, रडत रडत सगळं सांगितलं. कसा ताप आला, शेवटी काय बोलली, कुणाची आठवण काढली. सगळं सांगितलं, पण मराठीत. सासरा कळपासंगं लांब होता, सांगायला दुसरं कुणी नव्हतं. ती बाई त्या बायकांच्या तोंडाकडं बघत बसली आणि तशीच परत आली. लेक कशी गेली हे तिला नीट कधी कळलंच नाही. त्या दिवसापासनं तिचं एकच होतं. जिथं लेकीची बोली कळत नाही तिथं लेक पाठवायची नाही.

सासरा म्हणाला, "जावई, तुमी जावा गावाला. मी समजावतो तिला. वर्सभरात उतरंल राग."

"राग न्हाई हा मामा," मी म्हणालो, "हे वाजवी हाय. बोलीच पाहिजे ना? शिकतो."

"तुमी? कानडी?"

"का? गावची पोरं पलटणीत जाऊन इंग्रजी शिकली. मला काय धाड भरली?"

मी चौथीत शाळा सोडलेली. मास्तर म्हणायचा, ह्याच्या डोक्यात दगड हाय. असेल. दगडावरही रोज दोर घासला की खाच पडते, विहिरीवर जाऊन बघावं.

मला वाटलं होतं पंधरवड्यात येईल. पंधरवडा झाला तवा मला "बा" म्हणजे ये, "नीर" म्हणजे पाणी आणि "इल्ला" म्हणजे नाही, एवढंच धड येत होतं. त्यातलं "इल्ला" जास्त ऐकायला मिळायचं.

शिकायचं कुणापाशी, हा घोर होता. बायकोपाशी शिकता येईना. त्या काळी वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायको बोलत नसत, माहेरी तर नाहीच. ती अंगणाच्या त्या कडेला, मी ह्या. मी काही चुकीचं बोललो की जात्यावरची ओवी मधेच थांबायची, तेवढ्यावरनं मला कळायचं. सासू तर जावयासमोर उभीसुद्धा राहत नसे. मी आलो की पदर तोंडावर, पाठ माझ्याकडं. जिला पटवायचं तिचं तोंड मी धड पाहिलेलं नव्हतं.

राहिला सासरा. त्यानं नेम केला, उन्हं डोक्यावर येईस्तवर मराठी बंद. पहाटे कळपामागं निघायचो. मी मराठीत काही विचारलं की तो बहिरा व्हायचा. तहान लागली तर पाणी कानडीत मागायचं, नाहीतर पाण्याचा भोपळा त्याच्या खांद्यावर आणि मी कोरडा. बोट दाखवलेलंही चालत नसे. माळावर दिसेल त्याचं नाव घ्यायचं, दगड, बाभळ, कुरी म्हणजे मेंढी, मळी म्हणजे पाऊस, जो तिथं नावापुरताच होता. मग त्याची वाक्यं करायची. मेंढी दगडावर चढली. मेंढीला पाऊस नको. दुपारी कळप सावलीला बसायचा, मला मात्र बसवत नसे. मी कळपाभोवती फेऱ्या मारत तीच वाक्यं घोकायचो. मेंढरं मान वळवून बघायची.

एक म्हातारा धनगर तिथंच कळप बसवायचा. तो मला म्हणाला, सासऱ्यानं अर्थ सांगितला, "लेकरू वर्सात बोलतं. तू तर मिशीवाला."

मी सासऱ्याला म्हणालो, "त्याला सांगा, लेकराला घाई नसती. मला हाय."

घाई होतीच. तिकडं ऊस उभा. मिरजेच्या बाजारातनं येणाऱ्या एका व्यापाऱ्यासंगं भावानं निरोप धाडला, "बायको आणायला गेलास का मेंढरं राखायला? तोडणी आलीया. घरजावई झाला असशील तर तसं कळव, तुझं जू दुसऱ्याच्या मानंवर ठेवतो." मी व्यापाऱ्याला म्हणालो, "सांगा, येतो." कधी, ते सांगितलं नाही. मला ठाऊक असतं तर सांगितलं असतं.

विहिरीवर पाणी शेंदायला गेलो की गावची माणसं काहीबाही बोलून हसायची. मीही त्यांच्याबरोबर हसायचो. पुढं समजायला लागलं तवा कळलं, ती म्हणत होती, "सातारचा घोडा बघा, सासूच्या दावणीला बांधलाय." एका सकाळी मी पोहरा ओढता ओढता कानडीत म्हणालो, "घोडा चारा खातो, पाणी पण ओढतो. तुमी काय करता?" विहिरीवर असा हशा झाला की घरात जात्यावर बायकोनं ऐकला. ती आजही सांगते, की मी कुठंतरी पोचलो हे तिला त्या हशावरनं कळलं.

पण सासू हलली नाही. रोज सकाळी मी सोप्यात बसून हुलग्याचं माडगं प्यायचो. उंबऱ्यापाशी एक शेळी बांधलेली असायची. सासू माझ्याकडं पाठ करून तिची धार काढायची आणि सारा वेळ त्या शेळीशी बोलायची. कधी हळू, कधी रागावून, कधी काही विचारल्यासारखी थांबायची. मला त्याचा लय राग यायचा. जनावरापाशी इतकं बोलणं आहे, आणि मी एवढा हाडं झिजवतोय त्याच्यापाशी एक शब्द नाही. तिचं बोलणं भरभर, पदराआडनं, मला त्यातलं काही लागत नव्हतं. मी लावायचा प्रयत्नही करत नव्हतो. शेळीचं बोलणं मी कशाला ऐकू? माडगं घशाखाली ढकलायचं आणि उठायचं.

शिमगा जवळ आला होता. त्या सकाळी माडगं फार गरम होतं म्हणून मला थांबावं लागलं. सासू शेळीला म्हणाली, "निम्म ऊराग बावी दूर ऐतेन?"

तुमच्या गावात विहीर लांब आहे का?

मी तोंडाशी नेलेलं भांडं तसंच धरून राहिलो. शेळीला कुठलं आलंय गाव?

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडं माझी आई तिच्या जावयाशी थेट बोलत नाही, भिंतीशी बोलते. "भिंती, पाव्हण्यांना म्हणावं भात वाढू का?" पाव्हणा भिंतीला सांगतो, "वाढा म्हणावं." लहानपणापासनं बघत आलो. आमच्याकडं भिंत, इथं शेळी. ही बाई इतके महिने शेळीला नव्हे, मला विचारत होती, आणि मी रोज उठून जात होतो. मला कसं कळावं? आमच्यात भिंतीला दूध निघत नाही.

मी भांडं खाली ठेवलं. शेळीकडं तोंड केलं आणि म्हणालो, "इल्ला. मनी मुंद ऐती." नाही, घराच्या पुढंच आहे.

धारेचा आवाज थांबला. सासऱ्यानं घोंगडीतनं मान वर काढली. आत बायको मुलीला थोपटत होती, तेही थांबलं.

सासूनं दुधाचं भांडं बाजूला सारलं. मग शेळीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बोलायला लागलास तर." पुढचं सगळं कानडीत झालं, मी इथं मराठीत लिहितो.

"जात्यावर तिच्यासमोर कोण बसतं गं, शेळे?"

"शेळे, माझी थोरली वहिनी बसते. वहिनीचा हात जड, पण मन हलकं."

सासरा हसला. सासू हसली नाही.

"ताप आला तर कुठं दुखतंय हे कुणाला सांगंल?"

"शेळे, मला सांगंल. मला आता समजतं."

"आणि तू रानात असलास तर? उसाला पाणी धरायला रातंदिस जातोस म्हणं."

मी म्हणालो, "तिच्या सासूला सांगंल."

"तिच्या सासूला आमची बोली येते?"

आता खोटं बोलायचं कसं? माणसासमोर थाप मारता येते. ती शेळी पिवळ्या डोळ्यांनी माझ्याकडं टक लावून बघत होती. मी म्हणालो, "येत नाही."

"शिकंल?"

माझी आई. रहिमतपूरच्या बाजारापलीकडं न गेलेली. जत म्हणजे पाणी पाटानं नव्हे, माणसांच्या डोक्यावर चालणारा मुलूख, असं समजणारी. माझा हट्ट जिच्याकडनं आला ती. मी शेळीला सांगितलं, "ठाऊक न्हाई."

सासू उठली. दुधाचं भांडं कडेला घेतलं आणि उंबऱ्यात थांबली, पाठमोरीच. म्हणाली, "शेळे, ह्याला सांग, ह्यानं शिकून घेतलं ते खरं. पण माझी थोरली गेली तवा नवरा रानातच होता. घरात बाया होत्या. म्हणून म्हणते, तिच्या सासूला इथं घेऊन ये. चार दिवस माझ्यापाशी बसू दे. तिला बोली नाही आली तरी चालंल, माझ्या लेकीचं तोंड बघून काय होतंय ते कळायला लागू दे. मग तिच्या हातात लेक देते, तुझ्या नाही."

आत गेली.

सासरा म्हणाला, "आवं जावई, कुठं म्हातारीला आणता इतक्या लांब? थांबा, मी बोलतो."

"तुमी गप बसा मामा," मी म्हणालो. मोठ्या माणसाला असं बोलू नये, पण तोंडातनं गेलं.

त्या दिवशी मी कळपामागं गेलो नाही. माळ तुडवत राहिलो. मला वाटलं होतं, बोली आली की बायको आपली. उत्तर दिलं की दार उघडलं. मी जिंकलो होतो, विहिरीवर जिंकलो, माळावर जिंकलो, आणि आता ही बाई म्हणते, तू नव्हे, तुझी आई. चिडून मी एका बाभळीला लाथ मारली, काटा पायात गेला, तो काढत बसलो. काटा काढताना मेढ्याला तेराव्याला गेलेली सासू डोळ्यासमोर आली, लोकांच्या तोंडाकडं बघत बसलेली. मग चिडायलाही जमेना. पण परत गेलो तरी मन ठिकाणावर नव्हतं. आईला काय सांगायचं? ती म्हणंल, सुनेच्या आईपुढं मी चालत जाऊ? भाऊ म्हणंल, ऊस वाळला, आन आता म्हातारीची जत्रा. आई नाही आली तर? मी काय, जन्मभर शेळीला उत्तरं देत बसू?

संध्याकाळी बायको पाण्याची घागर घेऊन माझ्या बाजूनं गेली. सासरा अंगणात होता, तरी तिनं पाय थांबवला. हळूच म्हणाली, "अव्वा बरतार?" आई येतील?

मी म्हणालो, "बरतार." येतील.

मला ते ठाऊक नव्हतं. पण तिनं मान हलवली आणि गेली, म्हणजे आता ते खरं करायलाच पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माळावर धड उजाडायच्या आत, मी पटका बांधला, दुखऱ्या पायात वहाण चढवली, सासऱ्याला उठवलं नाही, आणि आईला आणायला मिरजेच्या मोटारीच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.