वच्छीचा पुढचा धडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून मी जन्मात दोनच गोष्टी लपवल्या, दुसरी तपकिरीची. माझ्या बाकीच्या फजित्या मी स्वतःच रंगवून सांगतो. आमच्या निम्म्या बसवनगुडी पेठेला त्या पाठ आहेत. ही एक मात्र रंगत नाही.

माझी मुलगी वच्छी नऊ वर्षांची असताना मी तिला शाळेतून काढलं. शाळेत पोरांची मेंढरं करतात, असं माझं मत. मतं माझ्याकडे पुष्कळ. घरीच शिकवायचं ठरलं — गणित बायकोकडे, संस्कृत माझ्याकडे. घंटा नाही, इयत्ता नाही. धडा पक्का झाला की पुढचा. पक्का झाला की नाही, हे मात्र मी ठरवणार.

आता माझं संस्कृत म्हणजे काय? मॅट्रिकला कसाबसा तरलो, तेवढंच. शनिवारी कचेरी सुटली की मी चामराजपेटेतल्या एका आचार्यांकडे जाऊन पुढचा धडा शिकून यायचो, आणि रविवारी तोच वच्छीला असा सांगायचो, जसं काही आईच्या पोटातून शिकून आलोय. मंगळवारी पोरगी तयार. मग? माझ्याजवळ पुढचं काहीच नसायचं. "अजून स्वल्प कच्चं आहे," मी म्हणायचो, "उजळणी कर." आणि ती करायची. शनिवारपर्यंत. इथवर हसायला हरकत नाही, मीही हसतो.

पण पुढे ती विचारायला लागली. "अण्णा, श्लोकातला हा राजा असं का म्हणतो?" मला उत्तर यायचं नाही — आणि जरा वेळाने तीच सांगायची. सहज, वेणी घालता घालता. स्वतःच्या लेकीच्या हुशारीने कुणाच्या पोटात दुखतं का? माझ्या दुखलं. ती श्लोक म्हणायला लागली की मी ओरडायचो, हळू म्हण, डोकं उठलंय.

एकदा आचार्यच घरी आले. वच्छीने कॉफी आणून दिली. त्यांनी गमतीने एक श्लोक म्हणून अर्थ विचारला, आणि तिने तो उभ्या उभ्या उलगडला. आचार्य पेला खाली ठेवून ऐकत राहिले. माझ्यासाठी त्यांनी पेला कधी खाली ठेवला नव्हता. जाताना फाटकाशी हसत म्हणाले, "मुलीला माझ्याकडे पाठवा. तुमच्यामागे माझी इतकी वर्षं उगाच गेली."

"सरी, सरी — बरं, बरं," मी म्हणालो. आत आलो. ती दाराशीच उभी होती.

"काय म्हणाले, अण्णा?"

आणि मी — इतका वेळ ज्याच्याभोवती घुटमळतोय ते हेच — मी म्हणालो, "म्हणाले, मुलगी मंद आहे. पाठांतर बरं आहे, पण पुढचं झेपायचं नाही."

तिने मान हलवली. रडली नाही. आचार्यांना मी कळवलं, मुलीला गोडी नाही. काही दिवसांनी वच्छीने आपली पुस्तकं फडक्यात बांधून स्वतःच माळ्यावर टाकली. मला कसं वाटलं? हलकं वाटलं. खोटं कशाला सांगू.

आज तिचा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याला संस्कृत शिकायचंय. "मला नाही रे जमायचं, मी पहिल्यापासून मंद," असं सांगून तिने त्याला माझ्यापुढे बसवलं. गेल्या रविवारी मी शिकवत होतो आणि ती शेजारी अवरेच्या शेंगा सोलत होती. एका श्लोकात मी राजाचं बोलणं राणीच्या तोंडी घातलं. वच्छीचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"आई, राणी असं कशी म्हणेल?" पोराने विचारलं.

तिने हातातल्या शेंगेतले दाणे ताटात टाकले. मग म्हणाली, "आजोबा सांगतात तसंच असेल," आणि तिने पुढची शेंग उचलली.

मी पुढचा श्लोक घेतला.