लाल दुलई आणि उताराची बोट

"तीन दिवस लाल दुलई टांगली होती मी खिडकीत! पोरगी तापाने फणफणलेली, आणि तू गेलास समोरून, जसं काही परक्याचंच घर!"

"अगं, उताराला होतो मी! उताराची बोट थांबते का कधी? चढणीला असतो तर आलो असतो."

"बरं, बरं. पुढच्या वेळी पोरीला सांगून ठेवते, बाई गं, बाप चढणीला असेल तेव्हाच आजारी पड."

आईवडिलांचं हे भांडण रोस्विताने चुलीमागच्या बाकावर पांघरुणात पडून ऐकलं. ताप उतरला होता, पण तिने डोळे उघडले नाहीत. भांडणात जो डोळे उघडतो त्याला कुणाची तरी बाजू घ्यावी लागते, एवढं त्या वयातही तिला कळत होतं.

ऱ्हाइनकाठच्या आमच्या गावात असंच बोलतात. वरच्या अंगाला निघालेली बोट चढणीला, खाली कोब्लेंझकडे निघालेली उताराला. उताराला पाणीच बोटीला ढकलत असतं. तिला थांबवायचं म्हणजे भर प्रवाहात अख्खी फिरवून तोंड चढणीला करायचं, आणि किल्ल्याखालच्या आमच्या वळणात असलं काम वेड्याने करावं. बोटवाल्यांच्या बायका खिडकीतून निरोप देत. पांढरं कापड म्हणजे सगळं ठीक, लाल म्हणजे असशील तसा ये. पुढे फोन आले, पण खिडक्यांची सवय गेली नाही.

बोटवाल्याशी लग्न करणार नाही, असं रोस्विताने त्या बाकावरच ठरवलं होतं. मग ओटमारशी केलं.

"तो कोळसा नाही वाहत गं," तिने आईला समजावलं. "सहलीच्या बोटीचं सुकाणू धरतो. लोकांना किल्ले नि जुनी गावं दाखवत थेट ॲमस्टरडॅमपर्यंत नेतात. वर पियानो आहे."

"पियानोवाली बोट थांबते का उताराला?" आईने विचारलं आणि लग्नाच्या आहेरात आपलीच लाल दुलई दिली.

तेव्हापासून रोस्विताचं बूड काही टेकलं नाही. वसंतात बोटी सुरू झाल्या की तिचं चित्त थाऱ्यावर नसायचं. बटाटे सोलता सोलता कान इंजिनाकडे. जरा घरघर झाली की सुरी हातात तशीच धरून खिडकीशी. ही नाही, ही वाळूची. ही पण नाही, हिचं इंजीन खोकतं. सूप करपायचं, मोजा एकाच पायाचा विणून राहायचा. समोरची पाववाली गुडरून म्हणायची, "बस की गं जरा! तुलाच लावलंय का इंजीन?"

"बसते ना," म्हणत रोस्विता उभीच.

ओटमार समोरून जाताना भोंगा एकदा हलकेच वाजवायचा आणि तिच्या खिडकीत पांढरं कापड हलत असायचं. नेहमीच पांढरं. आनेग्रेट जन्मली तेव्हा सुईण म्हणाली, नवऱ्याला बोलवा. कळा सोसत हिने सांगितलं, "पांढरंच लावा." द्राक्षमळ्याच्या पायऱ्यांवरून पडून हात मोडला तेव्हा दुसऱ्या हाताने आणि दातांनी कापड चिमट्यात अडकवलं, पण पांढरंच. लाल दुलई पेटीच्या तळाला पडून राहिली. ती टांगली आणि तोही निघून गेला, तर मग पुढे काय करायचं? न टांगलेल्या दुलईला तरी कुणी नाही म्हणू शकत नव्हतं.

असा सगळा संसार झाला. ओटमारचा शेवटचा हंगाम सुरू होता. आनेग्रेट कोलोनहून चार दिवस माहेरी आली होती आणि आल्या आल्या आवराआवरीला लागली होती. त्या सकाळी रोस्विता पाव आणायला गेली, तेवढ्यात लेकीने पेटी उपसली. डांबरगोळ्यांच्या वासाने नाक मुरडत तिने लाल दुलई झटकली आणि खिडकीवर उन्हात घातली. ज्या घरात लाल कधी टांगलीच नाही, तिथल्या मुलीला तिचा अर्थ कुठून कळणार?

गुडरूनच्या दुकानात पावाची पिशवी हातात घेताना भोंगा ऐकू आला. एक लांब, एक आखूड. म्हणजे, वळतोय, बाजूला व्हा.

"उताराला कोण वळतंय?" गुडरून दचकली. "कुणाचं डोकं फिरलं?"

सगळे बाहेर धावले. पांढरी शुभ्र बोट नदीत आडवी झाली होती. आतल्या कपबशा घसरल्याचा आवाज काठापर्यंत आला. वरच्या प्रवाशांना वाटलं, किल्ला दुसऱ्या बाजूनेही दाखवतायत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बोट धक्क्याला लागते न लागते तोच ओटमारने उडी टाकली आणि टोपीशिवाय, धापा टाकत तो गल्ली चढून आला. दारातच त्याला रोस्विता भेटली.

"कोण गेलं?"

"कुठे कोण गेलं?"

"लाल लागलीय!"

रोस्विताने वर पाहिलं. खिडकीतून लेक वाकून बघत होती. "बाबा, तुम्ही इथे कसे? दुलईला ऊन देतेय मी."

ओटमार पायरीवर मटकन बसला. "ऊन देतेय," तो म्हणाला. "ऊन देतेय!"

"उताराची बोट थांबत नाही म्हणतात," रोस्विता म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"नाहीच थांबत. आता कप्तानाला काय सांगू मी?"

"सांग, बायकोने बिछाना वाळत घातला होता."

तिने पिशवीतला गरम पाव काढून त्याच्या हातात दिला. अर्धा त्याने तिथेच खाल्ला, उरलेला खिशात कोंबला आणि उतरून गेला.

मालकांनी त्याच्या हातातलं सुकाणू काढून घेतलं. आता तरी बाई निवांत होईल, असं गावाला वाटलं. कुठलं काय! आता तोही घरात येरझारा घालायचा. घरघर झाली की दोघं दोन खिडक्यांशी.

"वाळूची," तो म्हणायचा.

"वाळूची नाही, खडीची. म्हणे सुकाणू धरायचा!"

लाल दुलई मात्र पेटीत परत गेली नाही. दोघं तीच पांघरायचे.

ओटमार एका शरद ऋतूत गेला. पाणी इतकं उतरलं होतं की नदीत बोटच नव्हती. वसंतात बोटी आल्या आणि रोस्विताने पुन्हा पांढरं कापड लावायला सुरुवात केली. लेक फोनवर चिडायची, "आई, आता कुणासाठी टांगतेस?"

"असू दे गं. नाही टांगलं आणि कुणी उगाच थांबलं तर?"

रोस्विताच्या शेवटच्या सकाळी ऊन छान होतं. उठल्यापासून छातीवर कुणी बसल्यासारखं वाटत होतं, डावा हात जड झाला होता. लेक जेवायच्या वेळेला येणार होती. बटाटे काढले, तसेच ठेवले. बसली, उठली, पुन्हा बसली. एवढ्यात घरघर ऐकू आली. सहलीची बोट, हंगामातली पहिली. तिने कान दिला. उताराला.

लाल दुलई पलंगावरच होती, हाताच्या अंतरावर. रोस्विताने तिच्याकडे पाहिलं. मग खण उघडला, पांढरं कापड काढलं, झटकलं आणि एका हाताने चिमटे लावले. बोट समोर आली. वरची माणसं किल्ल्याचे फोटो काढत होती. कापडाचा एक कोपरा दुमडला होता, तो तिने ओढून सरळ केला.