लिंबू धरलेला हात

आमच्या दादाला आता माझी ओळख राहिलेली नाही. सकाळी चहा पुढं ठेवला की विचारतो, "तुमी कोन्या गावच्या, बाई?" मी म्हणते, अरे, तुझी धाकटी बहीण मी. तो मान हलवतो, बशी तोंडाला लावतो आणि बशी खाली ठेवली की परत तेच विचारतो. त्याचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले की मी सासरहून इथं माहेरी येते, धारूरच्या खालच्या अंगाला आमचं गाव आहे. ते परत येईपर्यंत त्याचं न्हाणं-खाणं माझ्याकडं. सदऱ्याची बटणं लावायला मला वेळ लागतो, कारण माझ्या उजव्या हाताची दोन बोटं नाहीत, करंगळी आणि तिच्या शेजारचं. तो बिचारा गुमान उभा राहतो.

पण हत्यारांचं विचारा! त्यातलं तो काही म्हणता काही विसरलेला नाही. आमचे वडील तालमीचे वस्ताद होते. दुसऱ्यांच्या घरी जेवताना पिकापाण्याच्या गोष्टी चालायच्या, आमच्याकडं तलवारवाला जिंकेल की भालेवाला, यावर भाकरी ताटात वाळून जायची. आई म्हणायची, अगोदर जेवा, मग मरा काय मरायचं ते.

गेल्या महिन्यात कॉलेजची एक मुलगी आली. लाठी शिकते म्हणाली. दादाचा खेळ पाहिलेलं कुणीतरी म्हातारं माणूस अजून शिल्लक होतं, त्यानं पत्ता दिला. ओट्यावर दादासमोर मांडी घालून बसली, मोबाईल समोर धरला.

"बाबा, सगळ्यात भारी हत्यार कोणतं? तलवार ना?"

दादा हसला. किती दिवसांनी हसला! "तलवार मिरवायला बरी. समोर भाला असंल तर तलवारवाला जवळ येईस्तोवर दोनदा मरतो."

"मग भाला भारी?"

"मोकळ्या रानात भारी. किल्ल्याच्या दिंडीदरवाज्यात वळवून दाखव बरं तुजा भाला! तितं कट्यार पायजे. हातभर जागा आन एक धक्का."

"आणि आमची लाठी?"

"लाठी सगळ्यात शहाणी. मारती बी, अडवती बी, आन म्हातारपनी धरून परसाकडं बी जाता येतं." असं म्हणून त्यानं आपल्याच काठीवर थाप मारली. मुलगी खळखळून हसली, मीही हसले. मला वाटलं, आज माझा जुना दादा परत आलाय.

मग तिनं पट्ट्याचं विचारलं, आणि मी दारातच थांबले.

पट्टा म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारं लोखंड, आत आडवी मूठ आणि पुढं चांगलं लांब, लवणारं पातं. आमचा दादा तो फिरवायचा तेव्हा नुसता वारा दिसायचा.

"पट्टा एकटा धा जनांना लांब ठिवतो," दादा म्हणाला. "पर त्यात एक खोट हाय. तलवार टाकून देता येती, भाला फेकता येतो. पट्ट्यातून हात लवकर निघत न्हाई. आपलंच मानूस समोर पडलं, तर त्याला धरता बी येत न्हाई."

त्याला काय दिसत होतं ते मला माहीत होतं.

तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची असेन. दसऱ्याला देवळापुढं खेळ व्हायचा आणि शेवटी दादा तळहातावरचं लिंबू पट्ट्यानं कापायचा. लिंबू दोन फाका होऊन पडायचं, हाताला ओरखडा नाही. त्या वर्षी मी हट्ट केला, मी धरणार. वडिलांनी बजावलं, पात्याकडं बघायचं नाही, दादाच्या तोंडाकडं बघायचं, आणि बोटं ताठ. मी दादाच्या तोंडाकडं बघत होते. शेवटच्या घडीला नजर पात्यावर गेली आणि माझी बोटं मिटली.

दादा धावला, पण उजवा हात पट्ट्यात अडकलेला, मला उचलावं तर पातं मधी येतंय. डाव्या हातानं पट्टा ओढत होता आणि लेकरासारखा ओरडत होता. वडिलांनी माझा हात धोतरात गुंडाळला आणि विचारलं, "हात हलला का तुजा?"

मी म्हणाले, "न्हाई."

एवढंच. वडील रागावतील म्हणून भ्याले होते, दुसरं काही नाही. वडिलांनी दादाकडं एकदा बघितलं आणि पट्टा पेटीत टाकला. दादा त्यांच्या जागी वस्ताद व्हायचा होता. त्यानं पुन्हा खेळायला काठीसुद्धा हातात घेतली नाही, ऊसतोडीचा कोयता घेतला. वडिलांच्या मागं तालीम बंद पडली ती पडलीच. मला बघायला येणाऱ्यांपुढं दादाच हात जोडून सांगायचा, चूक माझी आहे, पोरीत खोट नाही. माझ्या खुरप्याला त्यानं तीन बोटांत बसेल अशी चपटी मूठ तासून दिली होती. दर भाऊबीजेला ओवाळताना तो ताटाकडं बघायचा नाही, माझ्या हाताकडं बघायचा. आणि दर भाऊबीजेला मी ठरवायचे, आज सांगते. माणसं असायची, पोरं असायची, पुरणपोळ्या असायच्या. राहून जायचं. अशा किती भाऊबिजा गेल्या!

"मला लिंबू कापायला शिकवाल, बाबा?" मुलगी म्हणाली.

"लिंबू न्हाई."

"का हो?"

"एका पोरीची बोटं गेली. माज्या हातानं."

मी कोण ते त्याला आठवत नाही, घरात मेलेलं कोण आणि जितं कोण ते आठवत नाही, आणि एवढं मात्र आठवतंय! मी पुढं झाले, त्याच्या पायाशी बसले, त्या परक्या मुलीचीही लाज धरली नाही.

"दादा, ती पोर मीच. मी बोटं मिटली रे. भ्याले मी. तुजा हात चुकला न्हाई."

त्यानं माझ्याकडं बघितलं, नीट बघितलं. मग थोडा रागावून म्हणाला, "बाई, त्या पोरीवर आळ घेऊ नका. वस्तादांनी तिला समक्ष विचारलं, हात हलला का. ती न्हाई म्हनली. लई खरी पोर हुती ती."

मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. मुलीनं मोबाईल कधी खाली ठेवला ते कळलं नाही. दादानं माझा हात धरला, मोकळ्या जागेवरून अंगठा फिरवला.

"तुमची बी गेली की. कुनाच्या हातानं?"

"माज्याच," मी म्हणाले.

"मग बरं," दादा म्हणाला. "दुसऱ्याला घोर न्हाई."