फोटोतल्या पोरीचा बिब्बा

लातुरातल्या त्या वसतिगृहात दीपमालाची ओळख करून द्यावी लागत नसे. तिचा फोटो भिंतीवर होता. भूकंपानंतरचा. चारेक वर्षांची पोर ढिगाऱ्यासमोर उभी. अंगात पिवळा ठिपक्यांचा फ्रॉक, त्याचं टोक तिनं दातांत धरलेलं, पोट उघडं. आणि कडेनं एका बाईचा हात तिच्या खांद्यावर आलेला. हातात हिरव्या बांगड्या. बाई फोटोत नाही, हात तेवढा आहे.

तो हात आईचा, असं तिला सांगितलं होतं. आई भूकंपातून वाचली आणि पत्र्याच्या शेडमध्ये तापानं गेली. तिचं म्हणून दीपमालाजवळ एवढंच होतं.

संस्था उभी राहिली तीच किल्लारीकडच्या अनाथ पोरांसाठी. ती पोरं मोठी होऊन पांगली. आता तिथं क्लासेससाठी लातुरात आलेली खेड्यांतली मुलं राहतात. खर्च देणगीवर चालतो आणि देणगी त्या फोटोवर. दर सप्टेंबरात फोटो फ्लेक्सवर चढायचा, खाली ‘आमची दीपमाला’. संस्थेचे सचिव किशनराव तिला शेजारी उभं करायचे. ती उभी राहायची. दीपमाला आता तिथलंच ऑफिस सांभाळत होती.

इतकी वर्षं फ्लेक्सची फाइल जिलानीभाई त्यांच्या स्टुडिओत करून द्यायचे. मोतीबिंदूनं स्टुडिओ बंद झाला. तेव्हा कुणीतरी गिम्पचं नाव सांगितलं. फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर, फुकट.

“फुकट हाय तर दुसऱ्याच्या दारात कशाला जायाचं?” किशनराव म्हणाले. “दीपमाले, शिक.”

मोबाइलवर व्हिडिओ बघून ती शिकली. डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेत लागलेल्या पोरांच्या फोटोंतल्या मागच्या भिंती कापून काढल्या, त्यांना निळं आभाळ दिलं. जमलं. मग भूकंपाला तीस वर्षं झाल्याचा फ्लेक्स आला. जिलानीभाईंची फाइल सापडेना. कपाटात मूळ फोटो मिळाला, तो तिनं स्कॅन केला आणि ओरखडे पुसायला मोठा करून बघितला.

पोरीच्या पोटावर तीन काळे ठिपके होते. एका ओळीत.

स्कॅनरची काच मळली असेल, असं तिला वाटलं. काच पुसून तिनं पुन्हा स्कॅन केलं. ठिपके होतेच.

तारामती चहा घेऊन आली. तारामती वसतिगृहातली स्वयंपाकीण, पहिल्यापासूनची.

“मावशी, हे काय दिसायलंय?”

तारामतीनं पदरानं चष्मा पुसला. “बिब्बा हाय की. पोटात दुखलं की लेकराला बिब्ब्याचं टिपकं द्यायचे. कातडी जळती.”

“जातं का ते?”

“सरणावर जातं,” असं म्हणून ती हसली. मग हसायची थांबली. दीपमाला इथं आली त्या दिवशी तिला तारामतीनंच न्हाऊ घातलं होतं. तिच्या पोटावर काही नव्हतं.

“भिंतीवरच्या फोटोत नाहीत हे.”

“जिलानीभाईनं पुसले आसतील. लई साफ हात त्याचा. पोरींच्या पसंतीच्या फोटोतले देवीचे वण बी ठिवत न्हवता.”

“फ्रॉक तर माझाच आहे ना?”

“एकाच ताग्यातले हुते ग. मदतीत ट्रक भरून आलते. समद्या पोरी पिवळ्याच दिसायच्या.”

किशनराव आले तेव्हा दीपमालानं त्यांना सांगितलं. ते खुर्चीत बसले. फोटोतली पोर दीपमालाच, ही ओळख त्यांनी फ्रॉकवरूनच पटवली होती.

“तीस वर्षं मी लोकांना ही तूच म्हणून सांगायलोय,” ते म्हणाले.

“हो, अण्णा.”

“डाग काढ. डाग गेला की फोटो तुझाच की.” ते उठून गेले.

तिनं ब्रश घेतला. आधी शेजारची कातडी निवडली, मग पहिल्या ठिपक्यावर टेकवली. ठिपका गेला. दुसराही गेला. सोपं होतं.

मग तिची नजर हातावर गेली. तो कुणाच्या तरी आईचा होता. तिनं तो मोठा केला, आणखी मोठा केला. नुसते चौकोन दिसू लागले, हिरवे आणि करडे. रडू येईल म्हणून ती थांबली. आलं नाही. चहावर साय धरली होती.

तिनं पुसलेलं मागं घेतलं. दोन्ही ठिपके परत आले. खालची ‘आमची दीपमाला’ ही ओळ काढून टाकली आणि फाइल पाठवली.

थोड्या वेळानं फ्लेक्स छापणाऱ्या मुनीबचा फोन आला.

“ताई, कोरलमधली सीडीआर फाइल न्हाई का?”

“जेपीजीच आहे. गिम्पमधून सीडीआर निघत नाही.”

“चालतंय. पोरीच्या पोटावर डाग दिसायलेत. काढू का? पैसे नका देऊ.”

“राहू द्या.”

“आन् खालचं नाव उडालंय बघा. दरसाल आसतं. टाकू?”

“नको.”

“आवं, लोक विचारतील की. पोरगी कोण म्हणून.”

“विचारू देत,” दीपमाला म्हणाली. “कुणाला तरी माहीत असेल.”